हरभऱ्याच्या मुळांना ऊन

मी पीएचडीत काय करते हे पाहुण्यांना सांगायची वेळ आली की बाबा मला तोंड उघडू द्यायचे नाहीत. "झाडं वाटते," ते म्हणायचे. "आधी उगवते, मग वाटते. चटणी करते, पण कोणाले खाऊ देत नाही."

यात खोटं काही नव्हतं. मी हरभऱ्याची रोपं वाढवायची, त्यांची पानं आणि मुळं वेगवेगळी कापायची, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायची आणि खलबत्त्यात घालून पिठासारखी बारीक करायची. त्यानंतर जे व्हायचं ते बाबा गाळून टाकायचे, कारण ते सांगायला वेळ लागतो आणि पाहुण्यांचा चहा थंड होतो.

एकदा बूढापाऱ्यात, म्हणजे आमच्या छत्तीसगढी शहराच्या जुन्या वस्तीत, मामाकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा मामीने बाबांना गप्प बसवून मला थेट विचारलं. मीही उत्साहाने सांगितलं. झाडाच्या प्रत्येक पेशीत सगळेच्या सगळे जीन असतात, पानातही तेच आणि मुळातही तेच. पण सगळे सगळीकडे चालू नसतात. पानात काही चालू, मुळात दुसरेच काही. झाडाला तहान लागली की त्यात पुन्हा फरक पडतो. कुठे काय चालू आहे ते मी शोधते.

मामीने वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं. "आणि हे चालू-बंद तू करतेस?"

"नाही मामी, मी फक्त पाहते."

"फक्त पाहायले इतकी वर्षं?" मामी म्हणाली, आणि माझ्या पानात आणखी एक पुरी टाकली. कीव आली असावी.

घरी येताना बाबांनी मला सांगितलं की माझी सांगण्याची पद्धतच चुकीची आहे. "असं सांगायचं," ते म्हणाले, "की रेल्वेत नियमाचं पुस्तक सगळ्यांले एकच भेटते. गेटमनले बी तेच आन् स्टेशन मास्तरले बी तेच. पण गेटमन आपलं पान वाचते, मास्तर आपलं. कोणाचं कोणतं पान उघडं हाये, ते माही पोट्टी पाहून राहिली." उपमा बरी होती. पण बाबांची उपमा एकदा रुळावर आली की लवकर थांबत नाही. शंकर नगरला आमच्या इमारतीखाली पोचेपर्यंत आम्ही गोंदियाजवळच्या एका फाटकात अडकलेल्या बैलगाडीपर्यंत गेलो होतो आणि जीन मागेच राहिले होते.

बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. त्या वर्षी उन्हाळ्यात निवृत्त झाले. सत्कार झाला, शाल मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये येऊन बसले. कुठे जायचं होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग त्यांनी घराची तपासणी सुरू केली. नळ, फ्यूज, दाराच्या बिजागऱ्या. कुकरच्या शिट्ट्यांचा अंदाजही ते आईला देऊ लागले. आई बूढापाऱ्यातच वाढलेली, तिच्या मराठीत निम्मी हिंदी. ती फोनवर मामीला म्हणायची, "रेल्वेनं तर ह्यांले छोड दिया, मले कोण सोडवणार?"

दिवाळीनंतर आमच्या संस्थेतली रोपवाढीची खोली बंद पडली. ही खोली म्हणजे एक मोठं कपाटच होतं, ज्यात उजेड, गारवा आणि ओल ठरवून देता येते. तिचा कॉम्प्रेसर गेला. दुरुस्तीवाला हैदराबादहून यायचा होता आणि फोन केला की "कल पक्का" म्हणायचा. माझी रोपं ऐन वाढीत होती. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, मूळच्या धमतरीकडच्या. त्या कशानेच फारशा हादरत नाहीत. खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "मौसम तो अभी चने का ही है. घर ले जा. दुनिया बिना मशीन के भी चना उगाती है, बेटा."

म्हणून दोन डबे रिक्षात घालून मी घरी आणले. डबे प्लास्टिकचे, बाहेरून काळा रंग दिलेले. झाकणाला भोकं, भोकांत रोपं. पानं वर, मुळं आत खतपाण्यात लोंबकळलेली. मुळांना हवा मिळावी म्हणून माशांच्या टाकीला लावतात तसा एक छोटा पंप. काळा रंग अशासाठी, की जमिनीत असतो तसा मुळांना अंधार मिळावा.

डबे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ठेवले आणि मी घरच्यांना दम दिला. कुणी हात लावायचा नाही. झाकण उघडायचं नाही. पाणी मी बदलेन. पुढे जो आरएनए काढायचा असतो तो फार नाजूक, बोटांवरच्या घामानेसुद्धा तो फुटतो, हेही सांगून टाकलं. खरं तर ते पुढच्या टप्प्याचं होतं, रोपाला हात लावल्याने काही झालं नसतं. पण धाक बसावा म्हणून सांगितलं.

"आमच्या हाताले काय झालं?" आईने विचारलं. "याच हातचं खाऊन इतकी मोठी झालीस."

"आई, प्रश्न स्वच्छतेचा नाही."

"मग नखऱ्याचा आहे. जावई आला म्हण ना सरळ." तिने एका रोपाकडे नीट पाहिलं. "कोवळा पाला आहे गं. दोन वेळची भाजी निघाली असती." तेव्हापासून घरात त्या डब्यांचं नाव जावई पडलं. सकाळी पंप घरघरायला लागला की आई म्हणायची, "उठले."

रोपं छान वाढत होती आणि मला हैदराबादला जावं लागलं. प्रशिक्षण होतं. हजारो जीन्सचे आकडे संगणकावर कसे लावायचे, पेशीपेशीतला फरक कसा वाचायचा, असलं. आठवड्याचं काम होतं. जाताना मी बाबांना पाणी कसं बदलायचं ते दाखवलं आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही हे पुन्हा बजावलं. बाबा सिग्नलवाल्याच्या गांभीर्याने हो म्हणाले. रोज संध्याकाळी फोन करून मी आधी रोपांची चौकशी करायची आणि मग त्यांची. "सगळं ठीक," बाबा सांगायचे. मागून आई हसल्यासारखी वाटायची. मला वाटलं टीव्ही लागला असेल.

परत आले तेव्हा डबे जागच्या जागी होते. पानं तजेलदार, आणि इतकी स्वच्छ की मला नवलच वाटलं. हिवाळ्यात सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून जी काळी भुकटी येते, ती आमच्या बाल्कनीत रोज बसते. सकाळी कठड्यावर बोट फिरवलं की काजळ घालता येईल. पण एका डब्यातल्या पानांवर तिचा कणही नव्हता. मी बाबांची पाठ थोपटली. बाबा लगेच आंघोळीला गेले.

डबे संस्थेत नेले आणि कापणी केली. एका डब्यातली मुळं वरच्या बाजूला जराशी हिरवट दिसली. खतपाण्यात शेवाळ धरतं, तसंच धरलं असेल म्हणून मी ती चांगली धुतली. पानं वेगळी, मुळं वेगळी, नळ्यांत घातली, गोठवली, वाटली. दोन-तीन दिवस मान मोडून काम केलं आणि सगळं यंत्रात लावलं.

या यंत्रात काय होतं ते थोडक्यात सांगते. पेशीत जो जीन चालू असतो त्याच्या आरएनएच्या प्रती तयार होतात. आपण त्या मोजतो. जीन जितका जास्त चालू, तितकी पडद्यावर त्याची रेघ लवकर वर उचलते. बंद असेल तर रेघ तळाशी झोपून राहते. मी प्रत्येक वेळी एक खास जीन पहारेकरी म्हणून लावायची. तो पानातला, हिरव्या रंगाच्या कारभारातला. पानात त्याची रेघ झटकन उठते. मुळात ती झोपलेली असायला हवी. मुळात उठली, तर समजायचं की आपल्या हातून कुठेतरी पान मुळात मिसळलं.

एका डब्यातल्या मुळांत ती झोपली होती. दुसऱ्या डब्यातल्या मुळांत ती उठली.

पानाइतकी नाही, पण चांगली ठसठशीत उठली. मी खुर्चीतून उठले, पाणी पिऊन आले, पुन्हा पाहिलं. रेघ तिथेच होती. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. चष्मा कपाळावर ढकलून पडद्याजवळ वाकल्या. "ये जड़ है कि पत्ता?"

"जड़ है, मॅडम."

"जड़ को बताया है?"

त्या दिवसापासून माझी छळणूक सुरू झाली. मॅडम रागावत नाहीत, त्यांची पद्धत वेगळी आहे. डबा उघडून भेंडी पुढे करायच्या आणि विचारायच्या, "देख ले बेटा, भिंडी ही है ना?" कुणी दोन फायली घेऊन आलं की म्हणायच्या, हिला देऊ नकोस, एक होऊन परत येतील. मी मात्र मनातून पार खचले होते. गोठवून ठेवलेली उरलेली मुळं नव्याने वाटून पुन्हा आरएनए काढला. नवीन हातमोजे, नव्या नळ्या, खल रात्रभर भाजून निर्जंतुक केलेला. मुळांचं काम एका दिवशी केलं आणि पानांच्या नळ्यांना त्या दिवशी फ्रीजरमधून बाहेरसुद्धा काढलं नाही. रेघ पुन्हा उठली.

मग मी स्वतःवर संशय घ्यायला लागले. कापताना कात्री बदलली होती ना? नळ्यांची अदलाबदल झाली नसेल ना? पण अदलाबदल झाली असती तर त्या पानांत मुळांचे जीन दिसायला हवे होते, आणि पानं तर अगदी शहाण्यासारखी वागत होती. शिवाय त्या मुळांत मुळांचे नेहमीचे जीनही व्यवस्थित चालू होते. म्हणजे ती मुळंच होती. मुळं असून पानासारखं वागत होती.

एका रविवारी दुपारी जेवताना मी हे सगळं घरी बोलून टाकलं. बोलता बोलता रडूच आलं. इतक्या वर्षांत मला साधं कापणं-वाटणंही नीट जमू नये, आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार, असं काहीबाही म्हणाले. आईने ताकाची वाटी माझ्याकडे सरकवली. बाबा मात्र जेवायचे थांबले होते.

"दोन्ही डब्यात असं झालं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही, एकाच."

"कोणत्या?"

"ज्याचं झाकण थोडं तिरकं बसतं, त्या."

बाबांनी पोळीचा तुकडा पुन्हा ताटात ठेवला. "आन् हे जे पानातलं चालू होते म्हणतेस, ते कशानं चालू होते? पाण्यानं? का उजेडानं?"

बाबांनी आजवर इतका मुद्देसूद प्रश्न कधी विचारला नव्हता. मी डोळे पुसून म्हणाले, "उजेडाने. पण मुळांना उजेड कुठून लागणार? डबा काळा आहे."

आईला खोकला आला. पदर तोंडावर धरला तरी खांदे हलत होते. "अहो, आता तरी सांगा," ती म्हणाली. "पोरगी रडून राहिली."

मग बाबांनी सांगितलं. मी हैदराबादला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो डबा तळाशी गळायला लागला होता. बाल्कनीत पाणी पसरलं. मला फोन केला तर मी घाबरेन, आणि हात लावायचा नाही अशी तर सक्त ताकीद. पण मुळं सुकू देणंही बरोबर नाही. म्हणून त्यांनी आईच्या लोणच्याच्या काचेच्या बरण्या घासून घेतल्या, एकेका बरणीत एकेक रोप लावलं, पंपाच्या नळीला फाटे काढून सगळ्यांना हवा दिली आणि काळी भुकटी बसू नये म्हणून त्या बरण्या आत, हॉलच्या पूर्वेच्या खिडकीत मांडल्या. डब्याची चीर त्यांनी एम-सील लावून बुजवली. एम-सील लगेच वाळलं होतं.

"मग लगेच परत का नाही ठेवली रोपं?"

आई म्हणाली, "कायले ठेवतील? सकाळी चहा घेऊन खिडकीशी बसायचे. मले बोलवायचे, हे पाह्य, काल इथं नव्हतं, आज नवीन फुटलं. मी म्हटलं, अहो, कढईत फोडणी आहे. तर म्हणे फोडणी रोजच असते."

"दिसून राहिले होते ना," बाबा म्हणाले. "डब्यात काही दिसत नाही. काचेत सगळं दिसते. ऊन आलं की त्या मुळायवर बारीक केस असतात, ते चमकतात. रोज काही ना काही वेगळं होतं." त्यांनी ताट जरा बाजूला सारलं. "बाकी घरात रोज तेच असते."

मी येणार त्या सकाळी त्यांनी सगळी रोपं एकेक करून डब्यात परत बसवली होती. पानंही ओल्या फडक्याने पुसली होती.

मला राग यायला हवा होता. आलाही, निदान पानाच्या रेघेइतका तरी. मी म्हणाले की तुम्ही मला निदान विचारायचं तरी होतं, माझे इतके दिवस वाया गेले, मॅडम मला रोज भेंडी दाखवतात. बाबा खाली मान घालून ऐकत होते. निवृत्तीच्या सत्कारात बसले होते तसेच. मग मधेच मान वर करून त्यांनी विचारलं, "म्हणजे माह्या बरणीनं ते पान उघडलं? नियमाच्या पुस्तकातलं?"

"हो."

"मुळातलं?"

"हो बाबा."

"म्हणजे तुझं वाटणं चुकलं नव्हतं."

तिथे मात्र माझा राग गेला, कारण ते खरं होतं. माझे हात बरोबर होते. यंत्र बरोबर होतं. मुळांना ऊन लागलं आणि त्यांनी उन्हात जे करायचं ते करायला सुरुवात केली होती. आणि मी तोच हिरवेपणा शेवाळ समजून घासून धुतला होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतले लोक दारात येऊन उभे राहिले. मग चष्मा पुसून कामाचं बोलू लागल्या. ती मुळं तुझ्या प्रयोगात चालणार नाहीत, तो डबा बाद, नवीन रोपं लाव. ते मला माहीतच होतं. "लेकिन," त्या म्हणाल्या, "जो हो गया है उसे ठीक से कर के देख. काँच में. आधे खुले, आधे काले काग़ज़ में." मुळांनी हिरवं होणं काही नवीन नाही, हे लोकांना खूप आधीपासून माहीत आहे, असंही त्यांनी सांगितलं. पण आपल्या वाणात नेमके कोणते जीन उठतात आणि पुन्हा अंधारात ठेवलं तर ते झोपतात का, हे पाहायला हरकत नाही. प्रबंधात एक छोटा भाग होईल.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा आधी फुलला आणि मग उतरला. "आधीच माहीत होतं? सगळ्यांले?"

"सगळ्यांना नाही. या विषयातल्या लोकांना."

"मंजे मी पहिला नाही."

"तुम्ही तिसऱ्या मजल्यावर पहिले," आई म्हणाली.

तरी बरण्या त्यांनीच आणल्या. सदर बाजारात जाऊन सगळ्या एका मापाच्या निवडल्या. दुकानदाराने विचारलं लोणचं कशाचं घालणार, तर म्हणाले, "रिसर्च." काळा कागद कापून दिला. खोली तोपर्यंत दुरुस्त झाली होती, त्यामुळे रोपं संस्थेतच वाढली. बाबांना तिथे यायचं काही कारण नव्हतं. पण सकाळी मला स्कूटरवर सोडायचा त्यांनी हट्ट धरला, आणि सोडायला आले की दोन मिनिटं आत डोकावायचे. मॅडमनी एकदा त्यांना काचेला नाक लावून उभं असताना पकडलं. दोघांची ओळख झाली. नंतर कळलं की दोघांनी मिळून माझ्या विसरभोळेपणावर बराच वेळ चर्चा केली.

निकाल स्वच्छ आला. उघड्या बरण्यांतल्या मुळांत पहारेकरी जीन उठला होता आणि त्याच्याबरोबर हिरव्या रंगाच्या कारभारातले आणखी काही. काळ्या कागदातल्या मुळांत सगळे गाढ झोपेत. उघड्यातली काही रोपं नंतर कागदात गुंडाळून ठेवली होती, त्यांच्या रेघा पुन्हा खाली येत चालल्या होत्या.

विभागात माझं सादरीकरण ठरलं तेव्हा बाबांनी येऊ का म्हणून विचारलं. हिंदीत विचारलं. घरात ते कधी माझ्याशी हिंदी बोलत नाहीत, मीच लहानपणी मराठीतल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर द्यायची आणि ओरडा खायची. मी या म्हणाले. ते निवृत्तीच्या दिवशी घातलेला कोट घालून आले आणि शेवटच्या रांगेत बसले.

तहानेचा मुख्य भाग झाला, प्रश्न झाले. मग मी हिरव्या मुळांचा आलेख दाखवला. एका प्राध्यापकांनी विचारलं की उजेडाचा प्रयोग मूळ आराखड्यात दिसत नाही, हा विचार कुठून आला? मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात मॅडम पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "इसका जवाब इनके पिताजी देंगे. पीछे बैठे हैं."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. बाबा उभे राहिले. कोटाचं बटण लावलं. मला वाटलं आता फाटकातली बैलगाडी निघणार. पण त्यांनी स्टेशनवरच्या उद्घोषणेसारख्या खणखणीत, सावकाश हिंदीत सांगितलं की डब्बा लीक हो गया था, मैंने जड़ों को काँच में रखा, बेटी ने मना किया था. इतकं सांगून खाली बसले. मग पुन्हा उठले आणि म्हणाले, "देखने में बहुत अच्छा लगता है." पुन्हा बसले.

टाळ्या वाजल्या. माझ्या संपूर्ण सादरीकरणाला वाजल्या नव्हत्या इतक्या. मी जागेवर येऊन बसले तेव्हा शेजारचा छत्तीसगढी मित्र हळूच म्हणाला, "हव, अब तेरा कोई नाम नहीं लेगा." तो खरं बोलत होता. त्यानंतर कितीतरी दिवस संस्थेत मला लोक "अंकल कैसे हैं?" एवढंच विचारायचे.

पुढच्या वर्षी प्रबंध झाला आणि तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. आई-बाबा दोघंही आले होते. आत फक्त मला आणि मॅडमना प्रवेश, म्हणून ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले. परीक्षकांनी खूप बारीक प्रश्न विचारले. तहानलेल्या मुळांतले जीन, त्यांचे आकडे, प्रशिक्षणात शिकलेल्या पद्धतीतल्या खाचाखोचा. शेवटी त्यांनी उभं राहून माझं अभिनंदन केलं. मी बाहेर आले. आईने मला जवळ घेतलं. बाबा उभेच होते.

"मुळांचं विचारलं काय?"

"मुळांचंच विचारलं बाबा, सगळं मुळांचंच होतं."

"ते नाही. हिरव्या मुळांचं."

परीक्षकांनी प्रबंधातली ती पानं न थांबता उलटली होती. क्षणभर वाटलं, हो म्हणावं. पण बाबांच्या नजरेसमोर मला कधी काही लपवता आलेलं नाही. "नाही," मी म्हणाले. "त्याचं काहीच नाही विचारलं."

बाबांचा विश्वास बसेना. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "मग इतका वेळ आतमधी करून काय राहिले होते ते?" त्यांनी खरोखर हैराण होऊन विचारलं. आई हसत हसत बाकावर बसली आणि तिने पेढ्यांचा डबा उघडला. पहिला पेढा बाबांच्या हातात दिला, कारण त्यांना त्या घटकेला माझ्यापेक्षा त्याची जास्त गरज होती.